साखऱ्यात सर्किटांचा सुळसुळाट

कानावर आलंय ते खरं असेल, तर साखऱ्याचं आता काही खरं नाही.

सेनगाव तालुक्यातलं हे गाव कालपरवापर्यंत कसं नीट चाललं होतं. पाऊस लांबला की पावसाला नावं ठेवायची, सोयाबीनचा भाव पडला की सरकारला, आणि दोन्ही ठीक असलं की शेजाऱ्याला. संध्याकाळी हॉटेलच्या बाकड्यावर बसून कट चहा घ्यायचा आणि कुणाची सोयरीक कशावरून मोडली, याचा साद्यंत तपास लावायचा. आता त्याच बाकड्यावर जाऊन बसा. कानावर काय पडतं? "रिलेच्या कॉइलला डायोड लावलास का?" "बेसला किती केचा रेझिस्टर टाकलास?" "कपॅसिटर आयसीच्या पायापासून हातभर लांब ठेवल्यावर दुसरं काय होणार?" शिव शिव! सोयरीक मोडलेल्या घरची मंडळी शेजारच्या बाकड्यावर बसलेली असतात, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आपली बदनामी करायलाही कुणाला सवड नाही, हे बघून बिचाऱ्यांचा चहा गार होतो.

हे खूळ गावात कुणी आणलं, यावर तीन मतं आहेत. एक मत आयटीआयकडे बोट दाखवतं. तिथं वायरमन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलेली पोरं नोकरी लागेपर्यंत गावात असतात आणि हात स्वस्थ बसू देत नाहीत. दुसरं मत मोबाईल दुरुस्तीच्या टपरीला दोष देतं. तिसरं मत जाणत्यांचं. ते म्हणतात, हे सगळं रानडुकरांनी आणि रोह्यांनी केलं. डुकरं शेतात शिरली म्हणून कुंपणाला झटका मशीन आलं. मशीन बंद पडलं म्हणून ते कुणीतरी उघडलं. आणि एकदा का आतली हिरवी पट्टी माणसाच्या नजरेस पडली, की तो माणूस परत माणसात येत नाही.

त्यात आणखी थ्री फेज लाईटचा खेळ. आज दिवसा, उद्या रात्री. रात्री दोनला लाईट आली तर विहिरीवर कोण जाणार? म्हणून लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो बसवला. मग मोबाईलवरून रिंग दिली की मोटार सुरू होणारा ऑटो आला. तो चालला तर ठीक, नाही चालला तर दोन प्रश्न उभे राहतात: मोटार का सुरू होत नाही, आणि हे विचारायचं कुणाला? पूर्वी दुसऱ्या प्रश्नाला गावात उत्तर नव्हतं, म्हणून पहिला आपोआप मिटायचा. आता विचारायला माणसं आहेत. इथूनच सगळा बिघाड सुरू झाला.

पहिला आरोप ऐका. ही माणसं उत्तरं फुकट देतात! डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, वकील नुसतं "बघू" म्हणायचे घेतो, पत्रिका बघणारा तर गुण जुळत नाहीत हे सांगायचेही घेतो. आणि ही कार्टी चांगलं तासभर डोकं खाजवून सर्किट काढून देतात, वर खिशातून रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर काढून हातावर ठेवतात. "असू द्या काका, पडूनच होता." अशानं गावाचा व्यवहार कसा टिकायचा? शिवाय एकानं उत्तर दिलं की दुसरा ते तपासतो. तिसरा म्हणतो, दोघांचंही बरोबर आहे, पण पावसाळ्यात टिकणार नाही. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं असतात, पण त्यांची पोरं एकाच कागदावर ट्रान्झिस्टर काढत बसलेली दिसतात. पूर्वजांनी तीन पिढ्या जपलेलं वैर असं दहा रुपयांच्या ट्रान्झिस्टरपायी वाया चाललंय.

दुसरा आरोप याहून भयंकर. यांना प्रश्न विचारला तर हे उलट प्रश्न विचारतात.

परवाचंच घ्या. एक वयस्कर काका तावातावानं आले. "माझा ऑटो बंद पडला. काय झालं सांग."

"काका, व्होल्टेज किती येतंय?"

"येतंय की भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"आता भरपूर म्हणजे भरपूर! मोटार चालायली होती की कालपर्यंत."

"काल किती येत होतं?"

काका हबकले. अख्ख्या आयुष्यात त्यांना 'किती' असं कुणी दोनदा विचारलं नव्हतं. घरच्यांनीही नाही. मग त्या पोरानं मीटर काढलं, लाल-काळ्या पिना लावल्या, आणि चारचौघांत त्या भरपूरचा आकडा जाहीर केला. २३० यायला पाहिजे तिथं १७० येत होते. एवढ्यावर ऑटोमधल्या रिलेनं पकडायचं तरी कसं? काका निमूटपणे घरी गेले. हा वडीलधाऱ्यांचा मान! पूर्वीची पद्धत किती सोपी होती. यंत्र बंद पडलं की त्याला एक रपाटा मारायचा, तरी चाललं नाही तर "माल डुप्लिकेट हाये" म्हणायचं, आणि उठायचं. यंत्राचंही समाधान, आपलंही.

त्या ७८०५चं प्रकरण तर गावभर झालं. जागलीला जाणारा एक पोरगा. मचाणावर रात्रभर बसायचं तर मोबाईल चार्ज पाहिजे. त्यानं फवारणीच्या चार्जिंग पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेतली, पुढं ७८०५ आयसी जोडला, त्यातून ५ व्होल्ट काढून मोबाईलला दिले. चार्जिंग सुरू झालं, पण आयसीला बोट लावलं तर चटका. तो येऊन म्हणाला, "आयसी तापायलाय, कामून?"

पहिला म्हणाला, "हीटसिंक लाव." दुसरा म्हणाला, "मोबाईल किती ओढतो?" एक अँपिअर. मग तिसऱ्यानं बाकड्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवून गणित मांडलं. बॅटरी १२ ची, मोबाईलला पाहिजेत ५. मधले ७ व्होल्ट आयसीच्या अंगावर. सात गुणिले एक, म्हणजे ७ वॉट. मोबाईलला मिळतात ५ वॉट आणि आयसी नुसता तापण्यात घालवतो ७. अर्ध्याहून जास्त बॅटरी हवेत! हीटसिंक लावलं तर आयसी वाचेल, बॅटरी वाचणार नाही. यावर उपाय म्हणजे एलएम २५९६चा बक मॉड्यूल. तो व्होल्टेज जाळून कमी करत नाही. सेकंदाला दीड लाख वेळा स्विच चालू-बंद करतो आणि मधल्या कॉइल-कपॅसिटरातून पाहिजे तेवढंच पुढं सोडतो. त्यामुळे वाया जाणारं प्रमाण बरंच खाली येतं.

ऐकून हॉटेलवाल्यानं कपाळावर हात मारला. त्याला आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. एका कट चहावर तीन जण तासभर बसले होते, हे त्याचं दुःख.

आता घरच्या आघाडीवर या. गावातल्या आयाबायांना विचारा, खूळ कसलं असतं ते त्या सांगतील. घरातला बंद पडलेला जुना टीव्ही आता घरात नाही. त्याचे कपॅसिटर सात घरी नांदायला गेलेत. शेवेचा बरा डबा होता, त्याला चार भोकं पडली आणि त्यात टायमर बसला. धण्या-जिऱ्याच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत रेझिस्टर निघतात. सोल्डरिंगचा धूर घरभर, आणि त्या गनला "हात लावू नको, गरम हाये" म्हणून सक्त ताकीद. स्वतःचं जेवलेलं ताटही न उचलणारं पोरगं शेजारणीचा बंद मिक्सर तीन दिवस मांडीवर घेऊन बसतं.

रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या तर अब्रूच्या मुळावर उठल्यात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, केशरी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. एवढं पाठ झालं की पोरांना जगात रंग दिसेनासे होतात, आकडे दिसतात. एका लग्नात वहिनी हळदीला पिवळी साडी, जांभळा काठ आणि लाल ब्लाउज अशा सजून आल्या. दिराच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, चार हजार सातशे!" झालं. साडीची खरी किंमत दिराला कुणी सांगितली, यावरून नवरा-बायकोचं दोन दिवस वाजलं. पोरगं बिचारं ओहममध्ये बोलत होतं.

आणि सोयरिकी? पाहुणे विचारतात, "मुलगा काय करतो?" घरचे चाचरत सांगतात, "उत्तरं देतो." "कशाची?" "लोक विचारतील त्याची." "त्याचं मिळतं काय?" यावर जी शांतता पसरते, ती मोडायला कांदेपोहे आणावे लागतात.

पण खरा तमाशा पाहायचा असेल, तर गटबाजी पाहा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही एवढे तट पडले नसतील.

एक गट ५५५वाल्यांचा. ५५५ हा आठ पायांचा टायमर आयसी. हान्स कॅमेनझिंड नावाच्या स्विस माणसानं तो अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ साली डिझाइन केला. आज पन्नासाहून जास्त वर्षं झाली, तरी तो बाजारात मिळतो आणि चहाच्या किमतीत मिळतो. या गटाचं म्हणणं, जगातल्या कुठल्याही दुखण्यावर ५५५ चालतो. मोटार उशिरा सुरू करायचीय? ५५५. दिवा लुकलुकवायचाय? ५५५. सासू लवकर उठवते? त्यालाही काहीतरी निघेल.

दुसरा गट आर्डुइनोवाल्यांचा. हा प्रकार २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया गावी जन्मला. शिकाऊ पोरांना मायक्रोकंट्रोलर सोपा व्हावा म्हणून केलेला बोर्ड. हे लोक दिवा लावायलासुद्धा प्रोग्रॅम लिहितात. ५५५वाले त्यांना म्हणतात, "मच्छर मारायला जेसीबी आणलास." ते उलट म्हणतात, "आजोबांचा आयसी आजोबांकडंच ठेवा."

तिसरा गट छोटा, पण खवचट. तो दोघांचं भांडण रंगू देतो आणि शेवटी तोंड उघडतो. त्याचं नाव ४०६०.

भांडण कशावरून पेटलं ते सांगायलाच पाहिजे. विषय होता ऑटोचा डिले. लाईट आली की परिसरातले सगळे ऑटो एकाच क्षणी मोटारी सुरू करतात. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना सहापट ओढते, म्हणजे ४५. दोन मोटारी एकदम उठल्या तर ९०. आणि ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, पूर्ण भाराला साधारण ८४ अँपिअर देते. दोघांतच डीपीचा हिशोब संपला, आणि डीपीवर मोटारी असतात त्याच्या कितीतरी पट. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते, आणि हरभरा पाण्यावाचून बघत राहतो. म्हणून तर ऑटो स्विच काढा आणि मोटारीला कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय. रात्री दोनला विहिरीवर जायचं कुणाच्या जिवावर येतं, म्हणून ऑटो काही निघत नाहीत. तेव्हा निदान प्रत्येक मोटारीनं वेगवेगळ्या वेळेला उठावं. एकानं अर्ध्या मिनिटानं, दुसऱ्यानं दोन मिनिटांनी.

५५५वाला लगेच पुढं. "सोपं हाये. वेळ म्हणजे १.१ गुणिले आर गुणिले सी. एक मेगाओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ११० सेकंद. लाव."

लावला. मोटार कधी अडीच मिनिटांनी उठायची, कधी चार, आणि एका गार पहाटे उठलीच नाही. आर्डुइनोवाल्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेव्हा ४०६०वाले तोंड उघडते झाले. "तो कपॅसिटर गळका हाये." मेगाओहममधून शेवटी शेवटी फक्त चार मायक्रोअँपिअर करंट येतो आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतल्या आत तेवढाच करंट पिऊन टाकू शकतो. मग भरणार काय? वरचं पाणी आणि खालची गळती सारखी झाली, तर हौद भरायचा कसा! मोठा कपॅसिटर घेतला तर गळतीही त्याच्याबरोबर वाढते. म्हणून ४०६०. त्याच्यात लहान, न गळणारा कपॅसिटर भराभर टिकटिक करतो आणि आयसी आतल्या आत ती टिकटिक चौदा पायऱ्यांनी मोजतो. दोनाचा चौदावा घात, १६,३८४. सेकंदाच्या अंशातली टिकटिक मिनिटांत जाते, आणि हिवाळा-उन्हाळा वेळ जवळपास तीच.

दोन्ही गट गप्प. नंतर कळलं, आर्डुइनोवाल्यानंही गुपचूप तोच आयसी मागवला. बाकी निष्ठा म्हणून काही राहिली नाही जगात.

रिंग दिल्यावर चालू होणाऱ्या ऑटोचंही तसंच. एकाचा जीएसएम मॉड्यूल रिंग आली की बेशुद्ध पडायचा. घरचे म्हणाले, सिमकार्डला दृष्ट लागली. कुणी म्हणालं, टॉवरच खराब. बाकड्यावरल्या पोरांतला एक जण म्हणाला, सप्लाय किती अँपिअरचा? अर्ध्या अँपिअरचा. तो मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. तेवढं मिळालं नाही की व्होल्टेज बसतं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सप्लाय बदलला आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या अगदी जवळ लावला. दृष्ट उतरली. मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या म्हातारीनं मात्र श्रेय सोडलेलं नाही.

आणि तो रिलेचा डायोड, ज्यानं बाकड्यावरचं सगळं राजकारण संपवलं? त्याचीही गोष्ट एवढीशीच. १२ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल जेमतेम ३० मिलीअँपिअर घेते, आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर १०० पर्यंत झेपवतो. मग तो मरतो कशानं? चालू करताना मरत नाही, बंद करताना मरतो. कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. वाट बंद केली की तो व्होल्टेज वर वर चढवत नेतो. ५४७ची सहनशक्ती ४५ व्होल्टची, त्यापुढं तो राम म्हणतो. कॉइलवर उलटा ४००७ डायोड लावला की त्या करंटाला फिरायला वाट मिळते आणि तो गुमान विरून जातो. एवढं सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, "म्हंजे ताकद दाखवतो जाता जाता." पोरांनी त्यांना तिथल्या तिथं गटात घेतलं.

बरं, हे वेड साखऱ्यापुरतं असतं तर पंचायत बसवून निकालात काढलं असतं. पण जगभरच मोठमोठी माणसं बिघडलेली. अमेरिकेत बॉब पीस नावाचा इंजिनिअर होता. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत आयसी डिझाइन करायचा, म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. तरी 'इलेक्ट्रॉनिक डिझाइन' मासिकातल्या आपल्या सदरात तो वर्षानुवर्षं लोकांच्या शंकांना उत्तरं देत बसला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सर्किट चाललं म्हणजे खरोखर चालेल, यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. जोडा, मोजा, मग बोला, असा त्याचा खाक्या. फॉरेस्ट मिम्सनं तर १९८३ साली नवशिक्यांसाठी अख्खं पुस्तक स्वतःच्या हातानं लिहून, चित्रं काढून दिलं. आपल्याकडं दिल्लीहून १९६९ पासून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघतंय. त्यानं किती घरातले रेडिओ उघडायला लावले असतील ते त्या घरच्यांना ठाऊक. आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढून खेड्यातल्या पोरांच्या हातात अवजारं दिली. चांगली घोकंपट्टी करणारी पोरं तिथं हातानं काम करून शिकायला लागली. पुढं २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅबही आली. म्हणजे कट जुना आहे.

आणि आपल्या जिल्ह्यावर तर याहून मोठं संकट चालून आलंय. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी. त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांनी दिल्लीतून पायाभरणी केली. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात, काटकोनात, आतून लेझर. कुठंतरी कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की इथल्या चार किलोमीटरमध्ये जो फरक पडेल तो मोजायचा. फरक केवढा? प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका. याच जातीच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी असली पहिली लहर पकडली.

आता बघा, दोन हजार सहाशे कोटी खर्चून लोक हिंगोली जिल्ह्यात कशासाठी येणार? 'किती' विचारायला! आणि 'थोडा फरक पडला' यावर तिथंही कुणी समाधान मानणार नाही. पोरांना ही बातमी कळल्यापासून ती जास्तच चेकाळली आहेत. एकानं तर विचारलं, "तिथं कपॅसिटर आयसीच्या किती जवळ लावत असतील?" प्रश्न चांगला आहे, हे कबूल करावं लागतं. गोंगाटातून एवढंसं काही वेगळं काढायचं, तर सप्लायमधली खरखर आधी मारावीच लागते.

इतका वेळ नावं ठेवली, आता एक गोष्ट न्यायाला धरून सांगते. विचारलं ते सांगतील, नको ते सांगतील, न विचारलेलंही सांगतील, असा या टोळीचा लौकिक. पण एक प्रश्न असा आहे, की तो आला की सगळे एकदम गप्प होतात. "डुकरं ऐकंनात. तारेत डायरेक्ट लाईट सोडायचीय. कशी जोडू?"

याचं सर्किट कुणी काढून देत नाही. ५५५वाला नाही, आर्डुइनोवाला नाही, खवचट ४०६०वाला तर नाहीच. त्याऐवजी विचारणाऱ्याला बाकड्यावर बसवतात आणि हिशोब दाखवतात. ओल्या अंगाच्या माणसाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलीअँपिअर जातात, आणि जातच राहतात. घरातला गळती-रक्षक स्विच ३० मिलीअँपिअरला लाईट तोडतो, कारण त्यापुढं हृदयाचा ठोका चुकायला लागतो. शेतातल्या तारेला असला कुठलाच स्विच नसतो. तिथं डुकराच्या आधी पाणी द्यायला आलेला भाऊ पोचतो, नाहीतर शेळीमागं धावणारं लेकरू.

चांगलं झटका मशीन वेगळं काम करतं. आत कपॅसिटर भरतो, थायरिस्टर तो ट्रान्सफॉर्मरमधून एकदम रिकामा करतो. व्होल्टेज हजारोंत जातं, पण क्षणभरच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक धक्का सेकंदाच्या शंभराव्या भागाहून लांब नसावा, दोन धक्क्यांत किमान एक सेकंद जावा, आणि ५०० ओहमच्या भारात ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जाऊ नये. मधल्या त्या सेकंदात तार मोकळी असते. चिकटलेल्याला हात सोडवता येतो. जनावर पळतं, माणूस जगतो. ही मोजमापं घरी नेमकी साधत नाहीत, म्हणून घरी जुळवलेलं झटका मशीनही ही पोरं मंजूर करत नाहीत. "मानकाचं, शिक्क्याचं घ्या. बाकी काहीही घरी करा, हे नाही." आणि विचारणारा तरीही ऐकत नसेल, तर ही गप्पिष्ट मंडळी उठून त्याच्या घरी जातात आणि त्याच्या भावाला, बापाला, बायकोला तोच हिशोब परत सांगतात. यालाही चहाडी म्हणायची असेल तर म्हणा. गावानं इतकी वर्षं केलेल्या चहाड्यांत एवढी कामाची दुसरी नाही.

तेव्हा निकाल असा. पोरं वाया गेली आहेत, यात शंका नाही. डबे परत मिळणार नाहीत, टीव्ही तर नाहीच. पण 'भरपूर', 'थोडं', 'बरंच' यांवर चाललेल्या गावात 'किती' विचारणारी चार माणसं झाली, तर गाव बुडत नाही. वडीलधाऱ्यांनी फार तर सोयरिकीच्या चर्चेला एक बाकडं राखून ठेवावं.

आणि तुमच्या शेतात रानडुकरं येत असतील, तर आजच जाऊन बघा: कुंपणाच्या तारेला खांबावरून, मीटरवरून किंवा मोटारीच्या पेटीतून थेट आलेली वायर असेल, तर तिला हात न लावता आधी मेन बंद करा, खांबावरून आलेली असेल तर महावितरणकडून लाईट तोडून घ्या, मग वायरमनकडून ती काढून घ्या. डुकराचं नंतर बघू.